खोकला जात नाहीये? सिरप बदलण्याआधी आठवडे मोजा

आईचा खोकला दसऱ्याच्या सुमारास सुरू झाला आणि होळी पेटली तरी थांबला नव्हता. आधी साधी सर्दी झालेली, सर्दी चार दिवसांत गेली आणि खोकला मात्र घरात राहायलाच आला. तोपर्यंत आमच्या फ्रिजवर सिरपच्या पाच बाटल्या जमल्या होत्या, त्यातली एक शेजारच्या काकूंनी त्यांना गुण आला म्हणून दिलेली आणि एक मेडिकलवाल्याने "ही जरा स्ट्राँग आहे" म्हणून दिलेली. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले होते. आईने इथल्या, नाशिकमधल्या इंदिरानगरच्या भजनी मंडळात जाणं सोडलं होतं, सिटीलिंकच्या बसमध्ये बसायची नाही कारण खोकला आला की लोक सरकून बसतात, आणि खोकल्याची ढास लागली की लघवीचे थेंब जातात हे तिने मला तीन महिन्यांनी सांगितलं, तेही ओट्याकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता.

हे मुद्दाम लिहितेय. चाळिशी-पन्नाशीपुढच्या कितीतरी बायकांना हा त्रास होतो आणि त्या कुणाला सांगत नाहीत. डॉक्टरांना हे सांगायचं असतं, त्यावर व्यायाम आहेत, उपाय आहेत.

आम्ही पाच महिने एकच प्रश्न विचारत होतो, की कोणतं सिरप द्यायचं. हा खोकला येतोय कुठून, हे विचारायचं राहूनच गेलं. नंतर छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी वेळ देऊन समजावलं, मीही बरंच वाचलं, आणि जे कळलं ते इथे सोप्या भाषेत लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून औषधं स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि बंदही करू नका.

आधी खोकला म्हणजे काय ते बघू. घशापासून फुफ्फुसाच्या नळ्यांपर्यंत आणि थेट अन्ननलिकेपर्यंत व्हेगस नावाच्या नसेच्या फांद्या पसरलेल्या असतात. धूळ, कफ, ॲसिड, चुकून भलत्या नळीत गेलेलं पाणी, काहीही लागलं की ही नस मेंदूला निरोप देते, मग आपण खोल श्वास घेतो, स्वरयंत्राचं झाकण घट्ट बंद होतं, आत दाब वाढतो आणि झाकण एकदम उघडून हवा धाडकन बाहेर पडते. याच नसेची एक छोटी फांदी कानातही जाते, म्हणून काही लोकांना कान साफ करताना ठसका लागतो आणि क्वचित कानात साठलेला मळ हेच महिनोन्‌महिने चालणाऱ्या कोरड्या खोकल्याचं कारण निघतं! म्हणजे नस एकच आणि बटणं मात्र नाकाच्या मागे, छातीत, पोटाच्या वर, कानात अशी सगळीकडे. सिरप यातलं कोणतं बटण दाबलं जातंय ते बघत नाही.

आता आठवडे. मोठ्या माणसाचा 3 आठवड्यांच्या आतला खोकला बहुतेक वेळा सर्दी-व्हायरसचा असतो आणि आपोआप जातो. 3 ते 8 आठवडे म्हणजे मधला टप्पा, व्हायरस गेला तरी नळ्यांची आतली कातडी चिडलेली असते, ती शांत व्हायला वेळ लागतो, डांग्या खोकलाही याच काळात रेंगाळतो, आणि तो फक्त लहान मुलांनाच होतो असं नाही. 8 आठवड्यांच्या पुढे गेला की त्याला जुनाट खोकला म्हणतात, लहान मुलांमध्ये ही मर्यादा 4 आठवड्यांची आहे. पण आपल्याकडे एक तारीख याच्याही आधी येते आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे, ती म्हणजे 2 आठवडे. भारतात टीबी इतका आहे की 2 आठवडे खोकला टिकला की थुंकीची तपासणी करायची, हा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, भूक मरणं यातलं काही सोबत असेल तर एक दिवसही वाट बघू नये.

टीबीचं नाव काढलं की घरात सगळे गप्प होतात. आमच्याकडेही झाले, मावशी म्हणाली आपल्या घरात कुणाला असलं काही नाही. पण टीबी हवेतून पसरतो, तो घराणं बघत नाही. तपासणी आपल्या सिव्हिलला, महापालिकेच्या दवाखान्यात, गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते, पूर्वी नुसतं मायक्रोस्कोपखाली बघायचे, आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट नावाच्या मशीनवर जंतूंचा डीएनए शोधतात, काही तासांत उत्तर मिळतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. फक्त एक गोष्ट, डबीत थुंकी नको, बेडका हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरून दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला. लाळ दिली तर निकाल चुकून निगेटिव्ह येऊ शकतो आणि आपण खोट्या समाधानात राहणार. टीबी निघालाच तर साधारण 6 महिन्यांची औषधं मोफत आहेत, आणि पोषणासाठी महिन्याला जे 500 रुपये मिळायचे ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 केलेत.

इथेच अँटिबायोटिकबद्दल बोलायला हवं कारण मला याचा फार राग आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूंवरही थोडी चालतात. म्हणजे होतं काय, टीबीच्या माणसाने मेडिकलमधून आणून ती पाच दिवस घेतली की त्याला बरं वाटायला लागतं, खोकला कमी होतो, तपासणी पुढे ढकलली जाते, पंधरा दिवसांनी परत सुरू, परत तोच कोर्स, आणि यात निदानाचे महिने वाया जातात, तोवर घरातली बाकीची माणसं त्याच हवेत श्वास घेत असतात. आणि ज्याला टीबी नाही, साधा व्हायरसनंतरचा खोकला आहे, त्याला तर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही, पोट बिघडतं तेवढंच. आईला दिलेल्या तीन कोर्सपैकी एकाच्याही आधी कुणी एक्सरे काढला नव्हता.

मग छातीच्या डॉक्टरांनी केलं काय तर पहिल्यांदा काहीच मशीन लावलं नाही. म्हणाले, घरात घेता त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. आम्ही नेल्या. त्यांनी बीपीची गोळी बाजूला काढली, रामिप्रिल. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या बीपीच्या गोळीचं मूळ नाव प्रिलने संपतंय का बघा, रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. गोळी चांगलीच आहे, हृदयाला आणि किडनीला फायदा करणारी, पण शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ जो एरवी मोडून जातो तो हिच्यामुळे साठतो आणि खोकल्याच्या नसेला चाळवत राहतो. साधारण दहातल्या एकाला खोकला होतो असं समजा, बायकांना जास्त. गंमत अशी की तो गोळी सुरू केल्यावर काही तासांत येऊ शकतो नाहीतर काही महिन्यांनीही, त्यामुळे "ही गोळी तर मी वर्षभर घेतेय" असं म्हणून तिला सोडून देता येत नाही. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली, त्या गटात हा त्रास फार कमी. आणि बजावलं की बदल केला म्हणजे उद्या खोकला थांबेल असं नाही, 4 आठवडे द्या, काहींना 3 महिनेही लागतात. गोळी स्वतः बंद करायची नाही मात्र, बीपी उसळलं तर खोकला परवडला म्हणायची वेळ येईल.

आणखी एक गोष्ट त्या पिशवीतून निघाली ती ज्येष्ठमधाच्या काड्या. आई दिवसभर चघळायची. ज्येष्ठमध घशाला बरं वाटतं हे खरंच आहे, पण रोज जास्त खाल्लं तर त्याने बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं, बीपीच्या माणसाने जपून. घरगुती उपायांना मी नावं ठेवत नाहीये, मधाचा चमचा रात्रीच्या खोकल्याला खरोखर आराम देतो (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही). आणि अडुळसा तर आपल्या आजीचा, पण त्यातल्या वासिसिन या घटकावरूनच शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवलं आणि त्यातून पुढे अँब्रोक्सॉल आलं, आज दुकानातल्या कितीतरी सिरपमध्ये हेच असतं. घसा शांत करायला हे सगळं चालेल, पण आठव्या आठवड्यात कारण शोधायचं सोडून काढ्याचं पातेलंच चढवत राहणं, हे नको.

दुसरी पायरी छातीचा एक्सरे. साधा, स्वस्त, पण जुनाट खोकल्यात तो लागतोच, टीबी, न्यूमोनिया, गाठ, हृदय मोठं होणं, यातलं बरंचसं तो दाखवतो. काही खुणा असल्या तर एक्सरे नॉर्मल आला तरी थांबायचं नाही, पुढच्या तपासण्या करायच्या, गरज पडली तर सीटी स्कॅनही: थुंकीतून रक्त, कारण नसताना वजन घटणं, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असणं, धाप, पाय सुजणं, जेवताना सारखा ठसका, आणि बरीच वर्षं बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा खोकला अचानक बदलणं. शेवटचं फार निसटतं, कारण "ते तर कायमच खोकतात" म्हणून घरच्यांचं लक्षच नसतं.

एक्सरे नॉर्मल, बिडी-सिगारेट नाही, प्रिलवाली गोळी नाही, असा माणूस असेल तर बहुतेक वेळा कारण तीन ठिकाणी सापडतं, नाक, नळ्या किंवा पोट. आणि कितीतरी जणांत एकाच वेळी दोन. आईचं तसंच झालं. गोळी बदलल्यावर महिन्याभरात निम्मा खोकला गेला आणि निम्मा राहिला, आणि तो राहिलेला पहाटे चारला उठवायचा.

पहाटेचा खोकला, हसल्यावर खोकला, उदबत्तीने, मिरचीच्या फोडणीने, गार हवेने खोकला, म्हणजे नळ्यांकडे बघा. दम्यात शिट्टी वाजतेच, धाप लागतेच असं आपल्याला वाटतं, पण दम्याचा एक प्रकार असा आहे की त्यात फक्त कोरडा खोकला असतो, बाकी काहीच नाही. नळ्या आतून सुजलेल्या आणि चटकन आकसणाऱ्या. निफाडचा पारा घसरल्याची बातमी जानेवारीत येते त्या दिवसांत अशा लोकांचे हाल बघवत नाहीत. तपासणी म्हणजे फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री, जोरात आणि पूर्ण सहा सेकंद तरी फुंकायचं, मग नळ्या उघडणारं औषध देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावतात, आकडा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढला तर दम्याकडे बोट जातं. आईचा नॉर्मल आला. मला वाटलं संपलं, दमा नाही. पण ही टेस्ट त्या घटकेचं सांगते, दुपारी बारा वाजता नॉर्मल असलेल्या नळ्या पहाटे चारला आकसलेल्या असू शकतात. म्हणून डॉक्टरांनी 8 आठवडे इनहेलर देऊन बघू म्हटलं, आणि उत्तर मिळालं ते त्यातून.

इनहेलरचं नाव काढल्यावर घरात जे झालं ते तुमच्याही घरात होईल. "पंप एकदा लागला की सुटत नाही." हे वाक्य नाशकात मी किमान वीस जणांकडून ऐकलंय. साधा हिशोब बघा, नळ्या उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची येते आणि त्याच औषधाचा पंपातला एक पफ 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग. गोळी पोटात जाऊन रक्तातून सगळीकडे फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते, पफ जिथे हवा तिथेच जातो. सवय लागते असंही काही नसतं, दमा जुनाट आहे म्हणून औषध जास्त दिवस लागतं, चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणतो का? सूज कमी करणारा इनहेलर स्टिरॉइडचा असतो, त्याने तोंड येऊ शकतं आणि आवाज बसू शकतो, आणि आई भजन गाणारी, म्हणून तिला स्पेसर म्हणजे ती प्लॅस्टिकची नळकांडी लावून घ्यायला शिकवलं आणि प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून टाकून द्यायची, गिळायची नाही. पहिले दहा दिवस ती चुकीचंच घेत होती, अर्धं औषध जिभेवर. डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा, फार फरक पडतो.

नाकाचं त्यामानाने सोपं. घशाच्या मागे काहीतरी ओघळतंय असं वाटणं, सारखं खाकरणं, सकाळच्या शिंकांची माळ, आणि आता सिंहस्थाच्या कामांसाठी जिकडेतिकडे खोदकाम, त्या धुळीत हे वाढणारच. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं थेट नको. नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप कानाच्या दिशेला राहतं, मधल्या पडद्यावर बसत नाही. दोन-तीन आठवडे रोज मारल्याशिवाय "फरक नाही" म्हणू नका.

पोटाचं थोडं किचकट आहे. जेवून आडवं झाल्यावर खोकला, वाकल्यावर आंबट पाणी, छातीत जळजळ, असं असेल तर ॲसिड वर येऊन नस चाळवत असणार. रविवारी सकाळी मिसळ, वर दोन चहा, रात्री लग्नाचं साडेदहाचं जेवण आणि अकराला अंथरुण, हे आपलं सगळ्यांचं आहे. जेवण आणि झोप यात 3 तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून सहा-आठ इंच उंची (नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि उलटंच होतं), डाव्या कुशीवर झोपणं, सुटलेलं पोट कमी करणं. ॲसिडिटीची गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, जेवणानंतर घेऊन "लागू पडत नाही" म्हणणारे खूप भेटतात. पण जळजळ वगैरे काहीच नाही आणि नुसता खोकला आहे, तर फक्त या गोळीवर महिनोन्‌महिने राहण्यात अर्थ नाही.

काम आणि घर यांच्याबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारायचं राहून जाऊ शकतं. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागेत फवारणी करताना तोंडाला नुसता रुमाल बांधलेला असतो, रुमाल औषधाचे तुषार अडवत नाही. लासलगावला कांद्याच्या चाळीत टरफलाची धूळ, खडी क्रशरवर दगडाची बारीक भुकटी (तिने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबीचा धोका जास्त), सातपूर-अंबडच्या कारखान्यात वेल्डिंगचा धूर. आमच्या मामी आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केलेल्या, कधी बिडीला हात लावला नाही, तरी फुफ्फुसं सिगारेट ओढणाऱ्यासारखी झालेली, तो आजार सीओपीडी. आणि कबुतरं! फ्लॅटच्या डक्टमध्ये, बाल्कनीत बसलेली, त्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ रोज श्वासात जाऊन काही लोकांची फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात. सुरुवातीला कारण तोडलं तर नुकसान थांबवता येतं. बाल्कनीला जाळी लावा, आणि दाणे टाकणाऱ्यांना प्रेमाने समजावा.

काही लोकांचं मात्र सगळं तपासून होतं, सगळे उपचार होतात आणि तरी खोकला राहतो. त्यांना "मनाचा आहे" म्हणून घरी पाठवलं जातं, तसं करू नये. पार्किंगमधल्या गाडीवर मांजराने उडी मारली तरी अलार्म वाजतो ना, तशी ती नस अतिसंवेदनशील झालेली असते, फोनवर बोललं, परफ्युमचा वास आला, हवा बदलली की उबळ. आणि प्रत्येक उबळ घसा अजून चिडवते. यावर स्पीच थेरपिस्ट शिकवतात, उबळ येतेय असं वाटताच घोटभर पाणी गिळायचं, तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सोडायचा. नस शांत करणारी गॅबापेंटिनसारखी औषधं कमी डोसमध्ये डॉक्टर देतात. याच नसेवर नेमकं काम करणारं गेफापिक्संट नावाचं औषध जपानमध्ये 2022 मध्ये मंजूर झालं, खोकला थोडा कमी होतो पण बऱ्याच जणांच्या तोंडाची चव जाते.

लहान मुलांचं वेगळं आहे आणि तिथे सिरपचा हात आखडताच हवा. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं आणि लहान लेकरं किडनी बंद पडून गेली. 4 वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कोणतंच खोकल्याचं औषध देऊ नका. मूल खेळता खेळता एकदम ठसकलं, निळसर झालं, मग ठीक झालं आणि त्यानंतर खोकला लागून राहिला, तर शेंगदाणा किंवा हरभऱ्याचा दाणा नळीत अडकलेला असू शकतो, ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. महिनाभर ओला, घरघरता खोकला असेल तर ते वेगळं इन्फेक्शन असू शकतं, आणि तिथे अँटिबायोटिक खरंच लागतं.

दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी, जुने एक्सरे आणि एका कागदावर तीन ओळी न्या: कधी सुरू झाला, दिवसात कोणत्या वेळी जास्त, कशाने वाढतो. रात्रीची ढास फोनवर रेकॉर्ड करून नेलीत तर उत्तम, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर खोकला हमखास येत नाही. एका वेळी एकच औषध बदला आणि ते सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, नाहीतर कशाने गुण आला तेच कळत नाही. आम्ही गोळी आणि इनहेलर एकदम सुरू केलं असतं तर आईला दोन कारणं होती हे समजलंच नसतं.

इनहेलर सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात आई पहिल्यांदा पहाटे न उठता सहापर्यंत झोपली. मीच साडेचारला जागी झाले, आवाज का येत नाही म्हणून बघायला गेले. आता थंडी सुरू झाली की थोडा खोकला परत येतो, मग डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं ती डोस वाढवते आणि मार्चमध्ये परत कमी करते. फ्रिजवर आता एकच बाटली आहे, मधाची.